पदपथावरील डागांची कैफियत

कऱ्हाड, विटा आणि पाचगणी या तीन गावांनी अनुक्रमे २०२०, २०२१ आणि २०२२ अशा लागोपाठच्या तीन वर्षांच्या स्वच्छ सर्वेक्षणात, एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांच्या वर्गात, देशातील पहिला क्रमांक मिळविला. त्यांतील दोन गावे सातारा जिल्ह्यातील आणि एक सांगलीतील असावे, हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने जे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्याने कृष्णाकाठच्या या मुलखात खराटा हाती धरण्यातला कमीपणा पुष्कळच घालविला, आणि कचरा वेचणे, तो वेगळा करणे व त्याची विल्हेवाट लावणे ही कामे नगरपालिकांच्या दफ्तरी प्रतिष्ठेची झाली. परंतु कचरा आणि डाग या दोन भिन्न गोष्टी आहेत. कचरा जमिनीवर पडलेला असतो, म्हणून तो उचलता येतो. डाग जमिनीच्या अंगात शिरलेला असतो, म्हणून त्याला काढू जाता जमिनीलाच इजा होण्याचे भय असते. खराट्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर राहिलेल्या या डागांची, विशेषतः फरशीला चिकटून बसलेल्या च्युइंग गमची आणि त्याच्या शेजारी पसरलेल्या पानतंबाखूच्या पिंकेची, कैफियत येथे मांडावयाची आहे. कारण ते काढण्यासाठी आज सर्रास जो उपाय योजला जातो, म्हणजे पंपाच्या जोरदार धारेचा मारा, तो पुष्कळ ठिकाणी डागाहून अधिक नुकसान करतो आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाने फलकावरची नजर काढून क्षणभर पायांखाली वळविली, तर त्याला फरशीवर काळे, वाटोळे, रुपयाच्या नाण्याएवढे ठिपके विखुरलेले दिसतील, आणि बहुधा तो त्यांना डांबराचे किंवा इंजिनातल्या तेलाचे थेंब समजेल. ते तेल नव्हे. वाकून पाहिले असता ठिपक्याची कड पातळ होत होत दगडाच्या खरबरीतपणात विरलेली दिसते, मधला भाग हजारो पायताणांनी घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि त्यात वाळूचे कण, टायरची भुकटी, क्वचित एखादा केस असे सारे रुतून बसलेले असते. दुपारी नख रुतविले तर नखाची खूण उमटते. तोच ठिपका पहाटे नखाला दाद देत नाही. मूळचा रंग पांढरा किंवा गुलाबी होता, हे फक्त त्याचा तळ उचकटल्यावर कळते.

हा पदार्थ इतका चिवट का, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. आपल्या डहाणू-घोलवडच्या किनाऱ्यावर ज्या चिकूच्या बागा आहेत, त्याच झाडाच्या खोडाला चिरा पाडून मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या अरण्यांत जो चीक गोळा केला जात असे, तो चघळण्याची चाल तेथील माया लोकांत प्राचीन काळापासून होती. १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सने त्या चिकाच्या गोळ्या करून विकावयास आरंभ केला आणि एका उद्योगाचा पाया घातला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास झाडाचा चीक मागणीला पुरेनासा झाला, तेव्हा त्याची जागा पेट्रोलियमपासून केलेल्या कृत्रिम द्रव्यांनी घेतली: पॉलिआयसोब्युटिलीन, जे टायरच्या ट्यूबमधील रबराचे सख्खे भावंड आहे, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, जे सुताराच्या पांढऱ्या गोंदात असते, आणि स्टायरिन-ब्युटाडाइन, जे टायरच्या घडणीतही वापरतात. साखर आणि सुगंध तोंडात विरघळून गेल्यावर मागे जे उरते ते हेच रबर आणि हाच गोंद. पाण्यात ते विरघळत नाही, मातीत कुजत नाही, आणि माणसाच्या शरीराच्या उष्णतेला मऊ राहावे याच हेतूने केलेले असल्यामुळे चैत्र-वैशाखात सांगलीचा पारा चाळिशीकडे झुकतो तेव्हा ते फरशीवर वितळल्यासारखे होते व पायांच्या दाबाने दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरते. १९९० नंतरच्या दशकात सेंटर फ्रेश आणि बूमर यांसारख्या गोळ्या खेड्यातल्या टपरीपर्यंत पोहोचल्या, तेव्हापासून आपल्या फरश्यांवरचा हा नवा डाग धरला पाहिजे. पानाची पिंक अर्थातच त्याहून शतकांनी जुनी.

आता उपायाकडे वळू. गावोगावच्या वॉशिंग सेंटरमध्ये मोटारी धुण्यासाठी जो पंप असतो, त्याच जातीचा, परंतु अधिक शक्तीचा पंप पदपथ धुण्यासाठी आणला जातो आणि त्याचा दाब बहुधा १५० बारच्या आसपास ठेवला जातो. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या जलस्तंभाचा भार, हे लक्षात घेता, समुद्रसपाटीपासून महाबळेश्वरच्या माथ्याहूनही थोडा उंच असा पाण्याचा खांब उभा करावा आणि त्याच्या बुडाशी एक बारीक भोक पाडावे, म्हणजे जी धार सुटेल ती या यंत्राच्या तोटीतून सुटते. एवढ्या शक्तीपुढे एक चघळलेली गोळी काय टिकणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ती टिकते. गम लवचीक असल्यामुळे धारेचा आघात तो पोटात घेतो, दबतो आणि धार सरकताच पुन्हा पूर्ववत होतो. त्याच्या खालचे आणि भोवतालचे सिमेंट मात्र लवचीक नसून ठिसूळ असल्यामुळे आघाताने त्याचाच पापुद्रा आधी उडतो. गम निघालाच पाहिजे म्हणून चालक तोटी जवळ नेतो, पसरट धारेची तोटी काढून शून्य अंशाची, सुईसारख्या एकाच रेषेत जाणारी धार लावतो, आणि शेवटी गम निघतोही. परंतु त्याच्या जागी एक फिकट, खरबरीत वर्तुळ कायमचे कोरले जाते, ज्यात पुढची धूळ आणि पुढचा गम आधीपेक्षा लवकर बसतो. नव्याने धुतलेल्या एखाद्या पदपथावर उन्हे तिरपी पडली असता ही वर्तुळे आणि तोटीच्या हालचालीचे पांढरे फराटे स्पष्ट दिसतात, आणि ते पुसण्याचा कोणताही उपाय नाही.

सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकची हकिगत याहूनही वाईट आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या बहुतेक नगरपालिकांनी दगडी फरशी किंवा ओतीव काँक्रीट सोडून हे एकमेकांत अडकणारे ठोकळे पसंत केले. त्यांच्यातील अंतरांत भरलेली बारीक वाळू हीच त्यांना घट्ट धरून ठेवणारी शक्ती असते. तिच्याविना ठोकळा सुटा होतो. जोरदार धार सांध्यावरून गेली की ती वाळू गटारात वाहून जाते, ठोकळे डुलू लागतात, पावसाचे पाणी खालच्या थरात उतरते आणि पुढच्या श्रावणापर्यंत पदपथाला खळगे पडतात. मग दुरुस्तीची निविदा निघते. धुण्याचा खर्च एका बाबीवर आणि दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या बाबीवर पडत असल्यामुळे या दोहोंतील कार्यकारणसंबंध हिशेबाच्या वहीत कुठेच नोंदला जात नाही. पदपथ धुतल्यानंतर सांध्यांत कोरडी वाळू पुन्हा झाडून भरणे हे अर्ध्या दिवसाचे, बिनखर्चाचे म्हणावे असे काम आहे. ते मक्त्याच्या शर्तींत लिहिलेले नसते, म्हणून होत नाही.

गम काढण्याचे खरे साधन दाब नसून उष्णता आहे, किंवा तिच्या अगदी उलट, थंडी. नव्वद अंशांच्या आसपास तापविलेले पाणी गमपर्यंत पोहोचले की त्याची दगडावरची पकड ढिली होते आणि पूर्वीच्या अर्ध्याहून कमी दाबाची, पंखा उघडल्यासारखी पसरट धारही त्याला उचलून नेऊ शकते. डिझेलच्या भट्टीवर पाणी तापविणारी अशी यंत्रे भारतात मिळतात. ती महाग असतात खरी, पण पदपथाच्या किमतीपुढे महाग नसतात. वाफेचे यंत्र तर त्याहूनही सौम्य, कारण त्यात पाणी थोडे आणि काम उष्णतेचे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरातील पाइक प्लेस बाजाराजवळ गमची एक भिंतच लोकांनी वीस वर्षांत उभी केली होती. २०१५ च्या नोव्हेंबरात ती साफ केली तेव्हा हजार किलोग्रॅमहून अधिक गम निघाला, आणि विटांना धक्का न लावता तो काढण्यासाठी वाफच वापरली गेली. सिंगापूरने १९९२ साली गमची आयातच बंद केली. तो मार्ग आपल्याला रुचणार नाही आणि त्याची गरजही नाही, परंतु एका धनाढ्य नगरराज्याला हा डाग बंदीयोग्य वाटला, यावरून तो काढण्याचा खर्च केवढा असावा याचा अंदाज करता येतो.

थंडीचा उपाय घरगुती आहे आणि तो मी एका जुन्या वाड्याच्या ओसरीपुढील शहाबादी फरशीवर स्वतः करून पाहिला आहे. ठिपक्यावर बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले. काही वेळाने बोटाने दाबून पाहता ठिपका खडीसारखा कडक लागला. तेव्हा रंगारी लांबी भरण्यासाठी वापरतात ती पत्र्याची पट्टी जवळजवळ आडवी धरून कडेकडेने हलकेच सरकविली, आणि ठिपका मधोमध तडकून दोन पापुद्र्यांत सुटला. मागे एक पुसट, तेलकट वलय राहिले; ते गरम पाण्याने, भांडी घासण्याच्या साबणाने आणि काथ्याच्या ब्रशाने पुष्कळ फिके झाले. पट्टी उभी धरली असती तर फरशीवर चरा पडला असता. ही युक्ती मोठ्या प्रमाणावर कशी वापरावी, याचे उत्तर आपल्या हवेतच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पौषातल्या पहाटे दवबिंदू गोठतात ही बातमी दर वर्षी छापून येते, आणि पाचगणीच्या बाजारपेठेतील फरशीही त्या प्रहरी हाताला बर्फासारखी लागते. पट्टीने गम खरवडण्याचे काम अशा थंडीतल्या पहाटेला नेमून दिले, तर पुढे धुण्याचे काम निम्म्याने हलके होईल. भर उन्हाळ्यात, दुपारी, गम मऊ असताना तो पट्टीने खरवडू जाणे म्हणजे तो फरशीला अधिक सारविणे होय.

तथापि काय काढावयाचे याहून कशावरून काढावयाचे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि येथे आपल्या जिल्ह्यांतील दगडांची ओळख असणे अगत्याचे ठरते. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो थिजून झालेला खडक, कठीण, परंतु लोहयुक्त. पाचगणीच्या टेबललँडवरचा आणि कासच्या पठारावरचा जांभा हा त्याच खडकाचा उन्हापावसाने झिजून झालेला, सच्छिद्र, मऊ वंशज. आणि घराघरांच्या अंगणात, जुन्या कचेऱ्यांत व स्थानकांत घातलेली शहाबादी फरशी कर्नाटकातील गुलबर्गा भागातून येते आणि ती जातीने चुनखडक आहे. या तिन्ही दगडांना एकच धार आणि एकच रसायन लावणे हे अज्ञान आहे. डाग निघत नाही म्हणून बाटलीतले अ‍ॅसिड ओतण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिने शहाबादीच्या पृष्ठभागावर फेस येतो. तो फेस डागाचा नसून दगडाचाच असतो, आणि तो ओसरल्यावर फरशीचे तेज कायमचे गेलेले असते. काळ्या पाषाणावर फेस येत नाही, म्हणून तेथे अ‍ॅसिड निर्धोक आहे असा समज होतो. पण ते त्यातील लोह बाहेर काढते आणि काही आठवड्यांत दगडावर गंजाची पिवळसर-तांबूस छटा उमटते. जांभ्याचे तर त्याहून अधिक हाल होतात. फरशी चुनखडकाची आहे की नाही हे ओळखण्यासाठी कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. पाच-दहा मिनिटांनी पुसल्यावर तेथे निस्तेज खूण राहिली, तर त्या फरशीजवळ अ‍ॅसिडची बाटली आणूच नये.

हे सर्व जिथे सर्वांत अधिक लागू पडते ती जागा म्हणजे आपले घाट. वाईला गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की नदीच्या प्रवाहाकडची त्याची मागील भिंत मत्स्याकार बांधलेली आहे, ती अशासाठी की कृष्णेचा पूर तिच्यावर आदळून दोन अंगांनी विभागून जावा आणि देवळाला त्याचा सरळ मारा बसू नये. पाण्याच्या शक्तीचे हे ज्ञान अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला होते. त्या देवळाजवळच्या घाटाच्या पायऱ्यांचे, मेणवलीला नाना फडणीसांच्या घाटाचे, संगम माहुलीच्या विश्वेश्वराच्या आवाराचे दगड जिथे चुन्याने सांधले आहेत, तिथे आज एखाद्या उत्साही मंडळाने पंप आणून १५० बारची धार सोडली, तर जे पुराला अडीच शतकांत साधले नाही ते एका दुपारी साधेल: पायऱ्यांवरचे तेल, गुलाल आणि काजळी जाईल, आणि त्यांच्याबरोबर सांध्यातला चुनाही जाईल. या मंडळांच्या निष्ठेविषयी मला अत्यंत आदर आहे. रविवारची झोप सोडून नदीत उतरणाऱ्या तरुणांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणूनच त्यांच्या हाती योग्य साधन दिले पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो. जुन्या दगडासाठी साधे नळाचे पाणी, काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश, आणि जिथे डाग खोल असेल तिथे लेप, एवढेच योग्य साधन आहे. तारेचा ब्रशसुद्धा नको, कारण त्याचे तुकडे दगडात अडकून गंजतात.

लेपाची कल्पना आपल्याला परकी नाही. ताजमहालाचा पिवळा पडलेला संगमरवर उजळण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते १९९४ पासून मुलतानी मातीचा लेप वापरीत आले आहे: ओली माती पृष्ठभागावर जाड थापावयाची, ती वाळत असता दगडाच्या छिद्रांतील मळ ओढून घेते, आणि मग ती पाण्याने धुऊन टाकावयाची. पानाच्या पिंकेवरही हाच मार्ग चालतो. फक्त माती भिजविण्यासाठी पाण्याऐवजी औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यावे, हातमोजे घालून लेप द्यावा, तो लगेच वाळू नये म्हणून रात्रभर प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावा, आणि प्रथम कोपऱ्यात करून पाहावे. एका लेपाने पुरता निघत नाही. दोन-तीन द्यावे लागतात, आणि त्यास धीर लागतो.

पिंकेचा डाग असा हट्टी का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे प्रसिद्ध आहेत, आणि त्या हिरव्या पानाचा या अपराधात भाग जवळजवळ नाही. अपराध काताचा, सुपारीचा आणि चुन्याचा आहे. कातातील आणि सुपारीतील टॅनिन चुन्याच्या क्षाराशी आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तांबडे होते, आणि ओले असते तोवर पाण्यात बरेचसे विरघळणारे ते द्रव्य वाळताना जड, अविद्राव्य बनते. बरोबरचा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडच होऊ लागतो आणि रंगाला आपल्या पोटात धरून ठेवतो. हळदीला चुन्याचा किंवा टाकणखाराचा संस्कार होऊन कुंकवाचा रंग उमलतो, त्याच जातीचा हा व्यवहार. परंतु एक मोठा भेद आहे. कऱ्हाड तालुक्यातील पालच्या खंडोबाच्या यात्रेत सारा परिसर भंडाऱ्याने पिवळा होतो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात जमीन पिवळी दिसते, आणि तरीही काही दिवसांच्या उन्हात तो पिवळेपणा आपोआप विरतो, कारण हळदीचे रंगद्रव्य सूर्यप्रकाशात टिकत नाही. काताचा रंग उन्हाने जात नाही. लोहयुक्त काळ्या दगडावर तर टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन तो काळपट होतो आणि दगडाचाच वाटू लागतो. आणखी एक गोष्ट सफाईच्या कामावरील प्रत्येकास सांगितली पाहिजे: धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर क्षारयुक्त असते, आणि ती पिंकेवर टाकली तर डाग फिकट होण्याऐवजी प्रथम अधिकच गडद होतो. कलकत्त्याच्या हावडा पुलाच्या पोलादी आधारांची कवचे या पिंकांनी काही वर्षांतच सहा मिलिमीटरवरून तीनवर आली आणि तेथील पोर्ट ट्रस्टला त्यांच्यावर फायबरची आवरणे चढवावी लागली. हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे.

सांगलीकरांना यातले एक तत्त्व पुराने शिकविले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी कृष्णा शहरात शिरली; २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा पुराच्या मागे घराघरांत, दुकानांत, हरभट रोडपासून गणपती पेठेपर्यंत, जो गाळ राहतो, तो पाणी उतरता उतरता त्याच पाण्याबरोबर लोटून द्यावा लागतो, हे तेथील गृहिणीला कोणी सांगावे लागत नाही. एकदा तो वाळला की फावड्यालाही ऐकत नाही. डागाचेही तसेच आहे. ताजी पिंक तांब्याभर पाण्याने जाते. आठ दिवसांची पिंक लेप मागते. आठ महिन्यांची पिंक दगडाचा भाग झालेली असते. यास्तव वर्षातून एकदा, पाहुण्यांच्या आगमनापूर्वी, पंपाने सारे शहर धुऊन काढण्यापेक्षा रोज सकाळी एक माणूस, एक बादली आणि एक ब्रश यांची तजवीज करणे अधिक परिणामकारक आणि अधिक स्वस्त आहे.

आणि पाण्याचा विचार तर केलाच पाहिजे. व्यावसायिक पंप मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी घेतो, म्हणजे तासाला सहाशे ते नऊशे लिटर. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकुळ झाले, तेव्हा मिरज स्थानकावर रेल्वेच्या टाक्या कृष्णेच्या पाण्याने भरून ती गाडी लातूरला रवाना झाली; पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. जत, आटपाडी, माण आणि खटाव या तालुक्यांना अवर्षण म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. ज्या फलाटावरून तहानलेल्या शहराला पाणी पाठविले गेले, त्या फलाटावर थुंकलेली पिंक धुण्यासाठी पिण्याचे पाणी खर्ची पडावे, ही मला अत्यंत क्लेशकारक गोष्ट वाटते. शिवाय धुतलेले पाणी कोठे जाते? साताऱ्याच्या उतारावरचे वेण्णेला, वेण्णा माहुलीला कृष्णेत, कोयना कऱ्हाडला कृष्णेत, वारणा हरिपुराशी कृष्णेत. साताऱ्याच्या पदपथावरून सुटलेला गमचा तुकडा, जर गटाराच्या तोंडाशी साधी जाळी नसेल तर, सांगलीच्या पाण्याकडे वाहत जातो. शहराचे सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरी नाल्याने कृष्णेचे काय केले आहे हे सांगलीकर जाणतात. गम कुजत नाही, म्हणून जाळी लावून तो वेचलाच पाहिजे.

कायद्याची कमतरता नाही. महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली. २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीच्या काळात, सार्वजनिक जागी थुंकणाऱ्यास पहिल्या वेळी हजार रुपये दंड आणि एक दिवस लोकसेवा, तिसऱ्या वेळेपर्यंत पाच हजार आणि पाच दिवस, असे जाहीर झाले. दंडाच्या वसुलीपेक्षा मला त्यातील लोकसेवेची शर्त अधिक शहाणपणाची वाटली होती, कारण ब्रश हाती घेऊन गुडघ्यांवर बसल्याखेरीज डागाचा हट्ट कळत नाही. ती शर्त साथीबरोबरच विस्मृतीत गेली. तसेच पिकदाणीचे. जुन्या वाड्यांत बैठकीच्या कडेला पितळी पिकदाणी असे आणि पान खाणाऱ्याने ती वापरावी हा रिवाज होता. पान घराबाहेर पडले आणि पिकदाणी घरातच राहिली. २०२१ साली नागपूरच्या एका उद्योगाने थुंकी शोषून घट्ट करणारी, खिशात मावणारी पाकिटे रेल्वेच्या काही स्थानकांवर आणली, ती या जुन्या रिवाजाचीच नवी आवृत्ती म्हणावयास हवी. प्रत्येक पानपट्टीच्या परवान्यात अशा पिकदाणीची शर्त घालणे नगरपालिकांना शक्य आहे.

शेवटी ज्यांच्या हातांनी हे काम होते त्यांच्याविषयी. १५० बारची धार कातडी भेदून आत शिरू शकते आणि बाहेरून टिकलीएवढी दिसणारी ती जखम आत खोलवर सडते. अशा वेळी बँडेज न बांधता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. स्वच्छतागृह धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत किंवा एकाच फरशीवर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि जिन्याखालच्या किंवा भुयारी वाटेतल्या कोंदट जागी तो प्राणावर बेततो. पुरानंतर ब्लीचिंग पावडर मुबलक पसरलेली असते, म्हणून सांगलीत हे भय अधिक. या दोन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक कोठीच्या दारावर लिहिलेल्या असाव्यात. आणि गमबूट, चष्मा व हातमोजे ही कृपा म्हणून नव्हे तर पगाराइतक्याच हक्काने मिळावीत.

या अंकाचा वाचक नगरपालिकेच्या किंवा एस. टी.च्या कचेरीत असेल, तर त्याला माझी विनंती आहे की पदपथ धुण्याच्या पुढच्या निविदेत नुसता चौरस मीटरचा दर मागू नये. फरशी कोणत्या दगडाची, पाणी किती अंश तापविलेले, दाबाची कमाल मर्यादा किती, सांध्यांत वाळू पुन्हा कोण भरणार आणि गटाराच्या तोंडाशी जाळी कोण लावणार, या पाच बाबी तिच्यात लिहाव्यात, आणि ऐतिहासिक घाट या मक्त्यातून साफ वगळावेत. बाकीच्या वाचकांनी गमची गोळी ज्या कागदातून काढली तो कागद चघळून होईपर्यंत खिशात जपून ठेवावा आणि शेवटी त्यातच ती गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावी.